पद्माबाईंचा आठ पायांचा जोड

कनेरगाव नाक्याच्या शाळेचा लाकडी नंदी पेटवला तो मी. गावात अजून काही जण त्याचा ठपका दगडोबा सुतारावर ठेवतात, पण तो अन्याय आहे. दगडोबानं नंदी झकास घडवला होता. बाभळीचा, गुडघ्याच्या वर येईल एवढा, पायांखाली चार चाकं, शिंगांना पितळी शेंब्या आणि पोटाला बिजागरीचं दार. दाराचं कारण मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं गुरुजी आत खडू ठेवणार. मी आत विज्ञान ठेवणार होतो.

साल पंचाहत्तर. मी तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो, म्हणजे फळ्यावर. हाताला विज्ञान लागू द्यायची वेळ सहसा येत नसे, आणि आली की असं काहीतरी होई. आमचे धाकटे मेहुणे बोटीवर नोकरीला. त्यांनी जपानहून एक खेळण्यातली मोटार आणली होती. हातात डबी धरायची, तिच्यावरचं बटण दाबायचं, की वीस-पंचवीस पावलांवरची मोटार आपोआप चालू लागायची. बटण सोडलं की थांबायची. मधे तार नाही, दोरी नाही, काही नाही. ती मोटार आमच्या घरातल्या चिरंजीवांनी दोन दिवसांत पायाखाली घेतली. तिचं पत्र्याचं अंग गेलं, पण आतला बिनतारी यंत्राचा जीव शाबूत राहिला. तो मी खिशात घालून शाळेत आणला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडं तान्हा पोळा भरतो. मूळचा तो विदर्भातला. पण कनेरगावपासून वाशीम इतकं जवळ की तिकडचे सण आमच्याकडं न विचारता मुक्कामाला येतात. लेकरं आपापले लाकडी नंदी दोरीनं ओढत मारुतीच्या पारापुढं आणतात, तोरणाखालून काढतात आणि खोबरं-साखर खातात. त्या वर्षी शाळेचा नंदी दोरीशिवाय चालणार, असं मी हेडमास्तरांना सांगून बसलो होतो. मेहुण्यांच्या यंत्राला बाभूळ ओढवणार नव्हती, म्हणून परभणीच्या भंगारातून मुठीएवढी मोटर आणली आणि तिच्यासाठी खुद्द हेडमास्तरांच्या फटफटीची बॅटरी काढून घेतली. विज्ञानासाठी त्यांनी ती दिली. चार दिवस सायकलवर यायलाही तयार झाले.

पोळा चार दिवसांवर आला असताना शाळेच्या अंगणात रंगीत तालीम झाली. मी बटण दाबलं. नंदी हलला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं की नंदी चालतोय खरा, पण शेपटीकडून. मागं उभे होते हेडमास्तर. बाभूळ जड असते, आणि त्यांच्या पायात चपला होत्या.

तारा उलट्या लागल्या, एवढं मला कळलं. मी घाईघाईनं पोटाचं दार उघडलं आणि दोन्ही तारांची अदलाबदल करायला हात घातला. दोन्ही तारा लाल होत्या, कारण दुकानदाराकडं लालच होती. दोन्हींची टोकं उघडी होती, कारण मी ती नुसती पिळून वर जखमेला लावायची चिकटपट्टी गुंडाळली होती. ती टोकं एकमेकांना भेटली. चर्रकन ठिणगी पडली, तार निखाऱ्यासारखी लाल झाली आणि बॅटरी खडखडू नये म्हणून मी कोंबलेला कापूस धुमसू लागला. दगडोबा कामाला इतका प्रामाणिक की त्यानं नंदीच्या नाकपुड्या आरपार कोरल्या होत्या. धूर तिथून निघाला.

हेडमास्तर अंगठा धरून खाली बसले होते. तिथूनच त्यांनी शांतपणे विचारलं, हे तुमच्या योजनेत होतं का. तोवर शिपाई जळबानं पाण्याची बादली रिकामी केली होती. निम्मी नंदीवर, निम्मी माझ्यावर. नेम चुकला असं तो अजून म्हणतो.

दुपारी मी ओला नंदी सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि नाक्यावर पद्माबाईंकडं गेलो.

नाक्यावर वाशीम-हिंगोली रस्त्याला लागून उकंडरावचा ढाबा होता. ढाब्याच्या आडोशाला पत्र्याची एक पडवी, आणि त्या पडवीत पद्माबाईंचं बॅटरीचं दुकान. दुकान म्हणजे एक लाकडी मेज, चार्जिंगचं एक यंत्र, रांगेनं मांडलेल्या ट्रकच्या आणि लाउडस्पीकरच्या बॅटऱ्या, खिळ्यांना टांगलेली तारांची भेंडोळी आणि भिंतीवर बुद्धाचं चित्र असलेलं कॅलेंडर. आधी हे दुकान त्यांच्या नवऱ्याचं, नरसिंगचं. नरसिंग मोठा हुशार मिस्त्री. तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेला. पद्माबाई माहेरच्या पुसेगावच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांचं काम होतं नरसिंग ट्रकखाली शिरला की बाहेरून कंदील धरायचं. दोन वर्षं त्यांनी कंदील धरला. कंदील धरणाऱ्याला सगळं दिसतं, खाली झोपलेल्याला फक्त समोरचं. पहिल्या वर्षी त्या गप्प राहिल्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी, ती नाही, तिच्या शेजारची तार सुटलीय, असं सांगितलं. नरसिंगनं दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या हातात पकड दिली.

त्यांचं वय पस्तिशीचं. अंगानं किडकिडीत, आवाजानं नाही. पदर कमरेला खोचलेला, आणि त्या पदराला ॲसिडनं पडलेली भोकं. दुकानात गिऱ्हाईक आलं की त्या आधी त्याच्याकडं बघत नसत, त्यानं आणलेल्या वस्तूकडं बघत.

त्या दिवशी मात्र त्या उकंडरावकडं बघत होत्या. उकंडराव मेजापाशी उभा राहून बोलत होता आणि मी तिथं असल्याचं त्याला काही वाटत नव्हतं. माणूस वाईट नव्हे. तो समजावणीच्याच सुरात सांगत होता की ड्रायव्हर लोक थांबतात, विचारतात मिस्त्री कुठाय, बाई दिसली की चहा पिऊन थेट वाशीम गाठतात. वाशीमचा एक मिस्त्री पडवी मागून राहिलाय. तो आला तर ट्रक थांबतील, ट्रक थांबले तर ढाबा चालेल. नरसिंग माझा दोस्त होता, तो म्हणाला, पण किती दिवस मी दोस्ती चुलीवर शिजवू? कर झाली की पडवी त्या मिस्त्रीला द्यायची ठरवलीय.

"मी काय करू मग?" पद्माबाईंनी विचारलं.

उकंडरावनं लाउडस्पीकरच्या बॅटऱ्या घरी नेऊन चार्ज करायचं सुचवलं. त्यांच्या घरी वीज नव्हती. हे त्याला आठवलं आणि तो चहाला म्हणून निघून गेला.

अशा वेळी मी नंदी पुढं केला. पद्माबाईंनी पोटाचं दार उघडलं, आत नाक घातलं आणि वास घेतला. तारांचा वास घ्यायची त्यांची रीतच होती. जळक्या तारेचा वेगळा, ॲसिडचा वेगळा, हलगर्जीपणाचा त्याहून वेगळा, असं त्या म्हणत. माझ्या चिकटपट्टीचं टोक चिमटीत धरून त्यांनी बाहेर ओढलं.

"ही काय जखम झालती का, गुरुजी?"

मी माझी सगळी हकीकत सांगितली. हेडमास्तरांच्या अंगठ्यापाशी त्या हसल्या. त्याआधी आणि त्यानंतर नाही. मेहुण्यांचं यंत्र त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं. त्याला स्वतःचे चार छोटे सेल होते, त्यामुळं ते वाचलं होतं. बॅटरीलाही फार काही झालं नव्हतं. वाटोळं झालं होतं ते फक्त माझ्या हातच्या कामाचं. मी म्हटलं, तुमचा नंदीशी संबंध नाही हे मला कळतं, पण शाळेची अब्रू आहे.

"नंदीशी माझं देणंघेणं न्हाई. तारेशी हाय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी एक अट घातली. करीच्या दिवशी पारावर सगळं गाव असतं, ड्रायव्हर लोक असतात, बक्षीस द्यायला पुनमचंदशेठ असतात. तिथं सगळ्यांपुढं सांगायचं की याच्या तारा पद्माबाईनं जोडल्या. पुनमचंदशेठचे हिंगोलीत सरकीचे व्यवहार आणि या रस्त्यावर तीन ट्रक. ते तीन ट्रक जिथं थांबतात तिथं बाकीचे थांबतात, हे नाक्यावरचं कुत्रंसुद्धा जाणून होतं. मी छातीवर हात ठेवून वचन दिलं. पद्माबाईंनी माझ्या हाताकडं संशयानं पाहिलं, पण वचन घेतलं.

पुढचे तीन दिवस शाळा सुटली की मी पडवीत जाऊन बसत असे. बी.एस्सी.ला मला जे कोणी शिकवलं नव्हतं ते तिथं कळलं, तेही न विचारता, कारण पद्माबाई काम करताना तारांशी बोलत. पहिल्यांदा त्यांनी माझ्या लाल तारा उपसून फेकून दिल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, ही घंटीची तार, घंटीला चालते. एवढ्या बाभळीला ओढायचं तर तार जाड पाहिजे आणि आखूड पाहिजे. लांब तार म्हणजे वाटेत करंट चहा पीत बसतो. नवी जाड तार त्यांनी एक लाल आणली, एक काळी. वर लाल तारेला बोटभर अंतरावर एक गाठ मारली. मी विचारलं, रंग असताना गाठ काहून? तर रंग डोळ्यासाठी आणि गाठ हातासाठी. नंदीच्या पोटात अंधार असतो.

सोल्डरची कांब त्या उकंडरावच्याच चुलीत तापवत. पोळ्या भाजणारी बाई कुरकुरत बाजूला सरे. तारेचं टोक घासून लख्ख करायचं, त्याला राळ लावायची, कथील पाण्यासारखं पसरू द्यायचं, आणि गार होईपर्यंत श्वासही घ्यायचा नाही. जोड झाला की त्या दोन्ही हातांनी तो ओढून बघत, चांगला हिसका देऊन. मला ते क्रूर वाटलं. त्या म्हणाल्या, आता तुटला तर बरं. पारापुढं तुटला तर मला तोंड न्हाई.

मग मोटर चालवून प्रत्येक जोडाला त्यांनी बोट लावलं. जो जोड गरम लागतो तो चोर. पुढं जायचा करंट तो मधेच खातो. असे दोन चोर सापडले, तिथंच उसवले आणि पुन्हा शिवले. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवी बुरशी चढली होती. ती सोड्याच्या पाण्यानं धुतली, कोरडी केली आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवला. हेडमास्तरांची फटफटी थंडीत सुरू का होत नसे, याचं उत्तर असं श्रावणात मिळालं. मधे एक पातळ तार घातली. ती फ्यूज. काही बिघडलं तर आधी ती मरेल, म्हणजे बाकीचे जगतील.

एक अडचण मात्र निघाली. मोटर चालू झाली की नंदी आमचं ऐकेना. बटण सोडलं तरी चालतच राही. मी यंत्राला दोष दिला, मग जपानला, मग मेहुण्यांना. पद्माबाई ऐकत होत्या. त्यांनी मेजावरचा ट्रान्झिस्टर रेडिओ लावला आणि नंदीजवळ आणला. मोटर फिरली की रेडिओवरच्या बातम्या खरखरीत बुडत. ट्रकचं वायपर सुरू झालं की ड्रायव्हरचा रेडिओ असाच ओरडतो, हे त्यांनी शंभरदा पाहिलं होतं. मोटर आत ठिणग्या टाकते, तिच्या गलक्यात यंत्राला बटणाचा आवाज कसा ऐकू येणार? त्यांनी मोटरच्या दोन टोकांमधे ठिणग्यांचा गलका गिळणारा एक कंडेन्सर डकवला, दोन्ही तारा वेणीसारख्या एकमेकींत विणल्या आणि यंत्र मोटरपासून लांब, नंदीच्या गळ्यात नेऊन बसवलं. रेडिओ स्वच्छ बोलू लागला. नंदी बटण सोडताच जागच्या जागी उभा. मी पाचवीपासून शिकवत आलेला एक अख्खा धडा त्या दिवशी मला समजला.

आणि मग तो जोड. बॅटरी चार्जिंगला काढायची, परत लावायची; म्हणजे कुठंतरी जोड सोडवता आला पाहिजे, आणि जिथं सोडवता येतो तिथं चूक करता येते. नरसिंगच्या काळातल्या जुन्या रेडिओंचा एक ढीग दुकानाच्या कोपऱ्यात होता. पद्माबाईंनी त्यातला काचेच्या बल्बसारखा एक मेलेला व्हॉल्व्ह घेतला, फडक्यात गुंडाळून वरची काच फोडली आणि खालचं काळं बूड ठेवलं. त्या बुडाला आठ पाय, मधे एक जाडसर खुंट, आणि खुंटाला एका अंगाला उभी कड. ते बूड ज्यात बसतं त्या बैठकीत कडेपुरती एकच खाच. तोंड बरोबर असेल तर खट्कन बसतं. नसेल तर ब्रह्मदेव आला तरी बसत नाही. करंट जास्त, पाय बारीक, म्हणून लाल तारेला चार पाय दिले आणि काळीला चार. बैठक बॅटरीला आणि पायांचं बूड मोटरकडं, कारण जीव असलेलं टोक झाकलेलं पाहिजे. उघडं राहील ते मेलेलं. शेवटी तार ज्या भोकातून बाहेर येते तिथं आतून एक गाठ मारली, म्हणजे कुणी ओढलं तर ओढ गाठीवर यावी, टाक्यावर नाही.

मी तो जोड हातात घेऊन मुद्दाम उलटा बसवायचा प्रयत्न केला. जोर लावला. तोंड लाल झालं. नाही बसला. पद्माबाई ओठ मिटून बघत होत्या, आणि मला वाटतं त्या आठवड्यातलं त्यांचं ते पहिलं समाधान असावं.

करीचा दिवस उजाडला. पारापुढं आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. लेकरांचे नंदी दोऱ्यांना ओढले जात होते. काहींची चाकं फिरत होती, बाकीचे आडवे घासत येत होते. पारावर सतरंजी, सतरंजीवर पुनमचंदशेठ, शेजारी हेडमास्तर, त्यांच्या अंगठ्याला पांढरं फडकं. उकंडराव ढाबा पोऱ्यांवर सोडून आला होता. चार-सहा ड्रायव्हर चिंचेखाली बिड्या ओढत उभे होते. पद्माबाई गर्दीच्या कडेला, आमच्या जळबाच्या बायकोजवळ.

शाळेचा नंदी तोरणापासून वीस पावलांवर ठेवला. त्याला दोरी नाही हे लोकांच्या हळूहळू ध्यानात आलं. मी डबी हातात घेतली, आणि नेमकी त्याच वेळी गावातल्या द्वारकाबाईंची एक खरी कालवड, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं, गर्दीतून सुटली. तिला आमचा नंदी दिसला. तो भाऊबंद वाटला की वैरी, सांगता येत नाही. तिनं त्याला डोक्यानं अशी ढुशी दिली की नंदी दोनदा कोलांटला आणि पोटाचं दार उघडून बॅटरी बाहेर लोंबकळू लागली.

गर्दी हळहळली. चिंचेखालून एक ड्रायव्हर म्हणाला, "गुरुजी, आता कापा अन् वाटा."

मी धावलो. बॅटरी तारांवर टांगली होती, सगळं वजन आतल्या गाठीवर. एकही टाका सुटला नव्हता. मी हात लावला तेव्हा फक्त जोड निघाला. मी बॅटरी आत ढकलली, जोड हातात घेतला, आणि त्याचं तोंड कुठलं ते मला आठवेना. तीनशे माणसं बघत होती. हेडमास्तरांनी पाय सतरंजीखाली ओढून घेतले, ते मला दिसलं. मी डोळ्यांनी पद्माबाईंना शोधलं. त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी फक्त मनगट थोडं फिरवून दाखवलं. मी जोड टेकवला आणि तसाच फिरवत गेलो. एका जागी खट्कन बसला.

डबी घेऊन मागं सरलो आणि बटण दाबलं.

नंदी चालला. शिंगाची एक शेंबी वाकडी, पाठीवर कालवडीच्या रंगाचा पट्टा, पण तोंडाकडून, सरळ, ठाम. दोरी नाही, माणूस नाही. लेकरांनी आपोआप दोन्हीकडं वाट करून दिली. म्हाताऱ्या बायांनी हात जोडले. तोरणाखालून तो गेला, पाराकडं गेला, पुनमचंदशेठ अर्धे उठले, आणि सतरंजीला वीतभर अंतर असताना मी बटण सोडलं. नंदी थांबला. मान न हलवता उभा राहिला, जसा काही तो पिढ्यान् पिढ्या तिथंच थांबत आला होता.

जो आवाज उठला तो मी तिथं पुन्हा कधी ऐकला नाही. ड्रायव्हर लोकांनी बिड्या टाकल्या. हेडमास्तर फडक्यासकट उभे राहिले आणि लाउडस्पीकर घेऊन त्यांनी जाहीर केलं की हा चमत्कार आमच्या विज्ञान शिक्षकांनी केला आहे.

मी लाउडस्पीकर जवळजवळ हिसकावूनच घेतला. म्हटलं, मी केलं ते पाच दिवसांपूर्वी, आणि तुम्ही सगळ्यांनी त्याचा धूर पाहिला. आज जे चाललंय त्याची तार न् तार नाक्यावरच्या पद्माबाईंनी जोडली आहे.

लोक पोट धरून हसले. त्यांना ती माझी थट्टा वाटली. जन्मभर प्रत्येक गोष्टीत विनोद केल्याचं हे फळ. खरं बोलायची वेळ आली तर एक माणूस विश्वास ठेवीना. मी पुन्हा सांगितलं, अधिक गंभीर चेहऱ्यानं. आणखी हसले. पुनमचंदशेठ डोळे पुसत म्हणाले, "वा मास्तर, बाई तार जोडणार अन् नंदी चालणार. बहुत खूब."

उकंडराव हसला नाही. त्यानं आपल्या चुलीत सोल्डरची कांब तीन दिवस पाहिली होती. पण तो चपलेतला खडा काढू लागला.

मग पद्माबाई स्वतःच गर्दीतून पुढं आल्या. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. वचन पाळून काय उपयोग झाला ते त्यांना दिसतच होतं. त्या सरळ पारापाशी आल्या आणि शेठना म्हणाल्या, "तुमचा तो निळा ट्रक. हॉर्न वाजला की त्याचा डावा दिवा मान टाकतो. व्हय का न्हाई?"

शेठचं हसू थांबलं. त्यांचा ड्रायव्हर चिंचेखालून पुढं आला. व्हय म्हणाला. वाशीमच्या मिस्त्रीनं दोनदा बल्ब बदलला, एकदा बॅटरी बदलायला लावली, तरी तसंच.

"बॅटरी बिचारी चांगली होती," पद्माबाई म्हणाल्या. "दिवाळीला ट्रकला रंग दिला. त्याच्या आधी दिवा बराबर जळायचा. मी रोज बघते."

ट्रक रस्त्याच्या कडेलाच उभा होता. सगळा तान्हा पोळा, नंदींसकट, ट्रकभोवती जाऊन उभा राहिला. पद्माबाईंनी पदर खोचला, पकड आणि पॉलिशपेपरचा तुकडा मागवला, पुढच्या जाळीआड हात घातला आणि एक नट सैल केला. दिव्याची आणि हॉर्नची परतीची तार त्या एकाच नटाखाली, ट्रकच्या अंगाला आवळलेली होती. रंगाऱ्यानं तार सोडवून खालच्या लोखंडाला तबियतीनं निळा रंग दिला होता आणि रंगावरच नट परत आवळला होता. करंटला परतीची वाटच धड नव्हती. पद्माबाईंनी लोखंड चमकेपर्यंत रंग घासला, तारेचं टोक घासलं, नट आवळला, वर व्हॅसलीनचं बोट फिरवलं. सगळी मिळून दहा मिनिटं. एवढ्या वेळात कालवडसुद्धा जवळ येऊन बघू लागली.

"लावा दिवा. वाजवा हॉर्न," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

संध्याकाळ व्हायला आली होती. दोन्ही दिवे लागले. हॉर्न वाजला, लांबलचक वाजला, आणि डावा दिवा उजव्याइतकाच डोळे वटारून बघत राहिला. ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. वर्षभराचं राहिलेलं वाजवून घेत असावा. त्याच्या मागच्या ट्रकनं वाजवला, मग त्याच्या मागच्यानं. नाक्यावर अशी वरात कोणाची निघाली नसेल.

पुनमचंदशेठ पारावरून उतरून चालत आले. घासलेल्या नटाकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग उकंडरावला जवळ बोलावून सांगितलं की आपल्या तिन्ही गाड्या इथून पुढं बाईंकडंच थांबतील, तेव्हा चहा जरा बरा ठेवत जा. उकंडराव मान हलवत पद्माबाईंपुढं येऊन उभा राहिला. पडवीचा विषय कसा काढावा ते त्याला सुचेना. शेवटी म्हणाला, पत्रा एका बाजूनं गळतो, तो उद्या बदलून देतो.

"उद्या न्हाई, आता माणूस सांगा," पद्माबाई म्हणाल्या. "उद्या गाड्या येऊन राहिल्या."

आणि आल्या. आधी शेठच्या तीन, मग त्या तीन बघून सात, मग शिरड शहापूरचा एक ट्रॅक्टरवाला, केवळ बाई हात लावणार म्हणून आलेला. मिस्त्री कुठाय असं विचारणारे अजून असत; त्यांना उत्तर उकंडरावच देई, आणि असं काही देई की पुढच्या खेपेला ते आधी जयभीम घालत, मग बॅटरी उतरवत. आठ पायांच्या जोडाची तर टूमच निघाली. लग्नातले लाउडस्पीकरवाले आपापली सगळी यंत्रं घेऊन आले. आसपासच्या गावांतले मेलेले व्हॉल्व्ह संपले, तेव्हा पद्माबाईंनी हिंगोलीहून पोतं भरून मागवले.

दिवाळीच्या आधी एकदा मी सहज गेलो. पडवीवर नवा पत्रा होता. बाहेर पाच ट्रक, आत बॅटऱ्यांमुळं पाय ठेवायला जागा नाही, आणि पद्माबाई एकाच वेळी तिघांना हुकूम सोडत होत्या. मी बाह्या सरसावल्या. म्हटलं, एवढा पसारा तुम्ही एकट्या कसा आवरणार? शाळेला सुटी लागतेय. तीन आठवडे मी रोज येतो, तुमच्या हाताखाली काम करतो. मजुरी नको, नाव नको.

त्यांनी कांब चुलीत ठेवली, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बसायला या गुरुजी, हात घरी ठिवून या."